निळा ड्रेस आणि मोठ्या घरची बाज

शकुबाईला साखर हवी असेल तर ती फाटकातूनच मागते. अंगणात येऊन बसली तर समजायचं, सल्ला हवा आहे. त्या दिवशी ती बसली, पाय पसरून बसली.

"कांताबाई, आमची नात बी आता आठवीत गेली. तुझी रिना त्या शिट्टीवाल्या पोरींत आहे. आमचीले टाकू का?"

"शिट्टीवाल्या नाई वो. गाईड म्हणतात त्याले. पोरं असले तर स्काऊट, पोरी असल्या तर गाईड."

"तेच ते. टाकू का नको, तेवढं सांग."

तेवढंच सांगता आलं असतं तर मी तिला चहा न पाजताच पाठवलं असतं. पण ज्याच्या घरची पोर त्यात जाते त्याला आधी काय माहीत पाहिजे, हे मला गेल्या हिवाळ्यात कळलं, आणि ते हो-नाही करून सांगण्यासारखं नाही. मी चूल पेटवली आणि पहिल्यापासून सांगितलं. निम्मं तिला ठाऊक होतं, कारण आमच्या दोन घरांच्या मधल्या कुडावरून तिचं अर्धं अंग नेहमी आमच्याच बाजूला असतं.

रिना माझी नात. मुलगा देवराव सायकलनं सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्रात कामाला जातो, सून दिव्या अंगणवाडीत. पोर वाढली माझ्या हाताखाली. तिची जीभ कोणावर गेली हे गावात कोणी विचारत नाही.

आठवीत गेल्यावर ती एक दिवस शाळेतून आली आणि म्हणाली, "आजी, मले गाईडमध्ये जाचं आहे. बाबा म्हणे आजीले विचार."

आमच्या घरात शेवटचा शब्द माझा असतो. तसं देवराव आणि दिव्यानं आपापलं विचारून घेतलं होतं. देवरावनं विचारलं, शिबिर कुठं भरते, जागेले कुंपण आहे का, अन् रात्री पोरींले बाहेर लागली तर किती दूर जा लागते. दुसऱ्या मुलखात असं विचारलं तर लोक हसतील. आमच्याकडे तळ्याच्या पाळीवर सकाळी वाघाचा पंजा उमटलेला असतो, तेव्हा कोणी हसत नाही. दिव्यानं विचारलं, सोबत बाया किती, आणि पोरींच्या खोलीची कडी आतून लागते का. शाळेनं सगळ्याचं उत्तर नीट दिलं. संडास भिंतीला लागून, बाया दोन, कडी आतून.

मी एकच विचारलं. "ड्रेस कोणत्या रंगाचा?"

"निळा."

"मंग जा."

आम्ही बौद्ध. आमच्या विहारावरचा झेंडा निळा, जयंतीच्या मिरवणुकीतल्या टोप्या निळ्या, देवरावच्या लग्नाचा मांडवसुद्धा निळाच होता. निळ्या कपड्यात माझी नात छाती काढून चालेल, एवढंच माझ्या डोळ्यापुढे आलं. रंग पाहून मी पोर देऊन टाकली. लुगडं घेतानासुद्धा मी पदर उलटा करून पाहते, सूत ओढून पाहते. पोर देताना तेवढंही पाहिलं नाही.

सुरुवातीचे महिने फार छान गेले. रिना रोज नवीन काही शिकून यायची. दोन काठ्या आणि एका चादरीची झोळी करून तिनं आणि तिच्या मैत्रिणींनी शकुबाईला आजारी माणसासारखं उचलून अंगणभर फिरवलं. शकुबाई वरून ओरडत होती, "अवो, मी जिवंत आहो!" गाठी तर किती प्रकारच्या! एक गाठ कितीही ओढली तरी सरकत नाही, एक गाठ एका झटक्यात सुटते. आमची गाय रोज दावं सोडून शेजारच्या लाखोळीच्या पिकात जायची, ते रिनाच्या गाठीनं बंद झालं. दिवाळीनंतर मॅडमनं तिला आपल्या टोळीची नायिका केलं. मी ते पत्रूच्या पानटपरीवर जाऊन सांगितलं. पान मी खात नाही, पण तिथं सांगितलं की गावभर वेगळं सांगावं लागत नाही.

मग जानेवारी लागला. एका संध्याकाळी मी तांदळातले खडे वेचत होते. रिना दप्तर टाकून जवळ बसली.

"आजी, आता आमची खरी कमाई आहे."

"म्हणजे काय?"

"लोकांच्या घरी जाचं, काम मागाचं. काम करून जे देतील ते घ्याचं. मंग ते कार्डावर सही करते. ते केलं का शिबिराले जाता येते."

"कायचं काम?"

"काही बी. अंगण झाडणं, भांडे घासणं, गाडी पुसणं."

सूप माझ्या हातात तसंच राहिलं. "अन् तुले कोणाचं घर?"

"आम्ही टोळीतल्या पोरींनी चिठ्ठ्या टाकल्या. मले धनश्रीचं घर आलं. धनश्रीले आपलं."

धनश्री म्हणजे मोठ्या घरची. गावात अजूनही त्या घराला मोठं घरच म्हणतात. मालगुजारी, म्हणजे गावाची जमीनदारी, कधीच गेली, जुना वाडा पाडून त्यांनी स्लॅबचं घर बांधलं, समोर ग्रील लावली, पण नाव तेच राहिलं. मागचा गोठाही राहिला. त्यात आता ट्रॅक्टर असतो.

त्या गोठ्याचं मला सांगावं लागेल.

माझी सासू झिंगूबाई रोज पहाटे त्या गोठ्यात झाडू मारायला जायची. झाडू आपल्या घरचा न्यायचा, शेण काढायचं, अंगण झाडायचं, मागच्या दारानं जायचं आणि मागच्याच दारानं यायचं. ओंजळीत वरून पाणी, पदरात शिळं. चांद्याला बौद्ध धम्माची दीक्षा झाली त्या साली ती आणि सासरा बैलगाडीनं चांद्याला गेले. परत आल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे ती शेवटची त्या गोठ्यात गेली. झाडू तिथल्या शेणाच्या ढिगाऱ्यावर टाकला आणि रिकाम्या हातानं घरी आली. त्या वर्षी घरात मोहफुलं उकडून खाल्ली, पण परत गेली नाही. तिनं घराला एक नियम घालून दिला. या घरचा झाडू या घरच्या अंगणाबाहेर जाणार नाही.

मी त्याच सालात जन्मले. लग्न होऊन आले तेव्हा मला हा नियम चूल दाखवायच्या आधी सांगितला गेला. मी धानाची रोवणी केली, तेंदूपत्ता तोडला, रोडावर गिट्टी फोडली. पण कोणाच्या घरात झाडू-भांड्याला गेले नाही. देवराव लहान असताना फार ओढाताण होती, तेव्हाही नाही.

मी सूप खाली ठेवलं. "नाई जाचं."

"काऊन?"

"तुले माहीत आहे काऊन."

"आजी, ते तवाचं होतं. अन् मले लाज नाई झाडाची. मी झाडीन."

"तुले नाई. मले आहे."

देवराव आला. त्यालाही तेच सांगितलं. तो दाढी खाजवत म्हणाला, "माय, मेहनतीची कायची लाज?"

"मेहनतीची लाज? रोवणीत माझ्यापुढे गेलेली एक बाई मले दाखव या तालुक्यात. वावरात काम केलं तर मजुरी असते. दारात उभं राहून काम मागितलं तर ते दार कोणतं, हे पाहा लागते."

"शाळेतलं आहे ते. सगळ्याच पोरी करून राह्यल्या."

"सगळ्या पोरींच्या पणज्या त्या गोठ्यात नोहत्या."

दिव्या भाकरी थापताना एकच वाक्य बोलली, "पण शिबिराचं काय?" रिनानं गळ्यातला स्कार्फ सोडला, खुंटीला टांगला आणि न जेवता झोपली. चार महिने ती पोर त्या शिबिराच्या गोष्टी सांगत होती. झोपेत शिट्टी वाजवल्यासारखे ओठ करायची. तिच्या हातातून मी ते काढून घेत होते, हे मला दिसत होतं. पण नियमही माझ्याच हातात होता.

दुसऱ्या दिवशी शाळेत जायला मी पांढरं लुगडं काढलं. ते मी दोनच कामाला काढते, बुद्धजयंतीला आणि भांडायला.

गाईडच्या मॅडम मडावी बाई. गोंड घरातली, मोठी कडक पोरगी, पण मला पाहून खुर्चीवरून उठली. मी तिथंच निम्मी हरले. भांडायला आलेल्या माणसाला खुर्ची दिली की त्याची पंचाईत होते.

"मॅडम, कोणाच्या घरी काय काम, हे पोरींच्या घरी आधी सांगाले नको?"

"सांगाले पाहिजे होतं, कांताबाई. चुकलं," ती सरळ म्हणाली. "पहिले पोरी कोणाच्याही घरी जात होत्या. एका पोरीच्या बापाले ते पटलं नाई, अनोळखी घर म्हणे. म्हणून मीनं यंदा टोळीतल्या टोळीत घरं ठेवली. ओळखीचे राह्यतील म्हणून."

"ओळख आहे. लय जुनी आहे."

आणि मी तिला गोठ्याचं सांगितलं. झाल्यावर मी विचारलं, "तिथं माझ्या नातीले कोणत्या दारानं घेतील? पाणी कायच्यात देतील? हे तुमच्या पुस्तकात लिहिलं आहे का?"

"नाई लिहिलं." ती थोडा वेळ खिडकीतून पोरींची कवायत पाहत राहिली. "आमची आजी मोहाची टोपली घेऊन गावात यायची. तिले बी ओसरीच्या खालीच बसवत. मले माहीत आहे ते."

"मंग?"

"मंग असं आहे, का मी रिनाले आताच नको म्हणू शकते. कार्ड कोरं राहील. शिबिराच्या आधी पोरी विचारतील, रिना काऊन नाई येत? तिले सांगा लागल. तेरा वर्षांच्या पोरीनं ते सगळ्यांपुढं उभं राहून सांगावं का? तुम्ही सांगा."

मी तिनं दिलेला चहा पिऊन टाकला.

उठताना ती म्हणाली, "एक गोष्ट मात्र आहे. काम मागाचं असते, हुकूम घ्याचा नसते. पोरगी सांगू शकते का मले हे काम येते, हे करू का. झाडूच पाहिजे असं कुठी नाई."

वाटेनं मी ते वाक्य घोळवत आले. पण कोणतं काम, ते सुचेना.

रविवारी सकाळी धनश्रीच आमच्या फाटकात उभी राहिली. निळा ड्रेस, इस्त्री केलेला, दोन वेण्या. तीन बोटं कपाळाला लावून तिनं सलाम केला.

"आजी, मी खऱ्या कमाईसाठी आली. काही काम आहे का?"

रिना अजून माझ्याशी बोलत नव्हती, ती आत जाऊन दाराआडून पाहू लागली. कुडावर शकुबाई हजर होतीच.

मी काही बोलायच्या आत त्या पोरीनं इकडंतिकडं पाहिलं. भिंतीला टेकून ठेवलेला झाडू तिला दिसला. तिनं तो उचलला. "अंगण झाडू का?"

मोठ्या घरची पोर, झिंगूबाईच्या अंगणात, हातात झाडू. माझ्या छातीत काय झालं ते मी लपवत नाही. गोड वाटलं.

शकुबाई कुडावरून कुजबुजली, पण तिचं कुजबुजणं तळ्यापर्यंत जातं. "मारू दे! सत्तर वर्षांचं झाडून घे एकदाचं! कोपऱ्यातलं बी!"

पोरीला काही समजलं नाही. ती वाकून उभी, कुठून सुरू करू असं विचारत होती. आणि मला एकदम दिसलं, की हिनं इथं झाडलं तर उद्या रिनानं तिथं झाडायचं. मग कोण काय म्हणेल? फिटलं म्हणतील. एका अंगणाच्या बदल्यात एक अंगण. असला सौदा करायला सासूनं मोहफुलं उकडून खाल्ली नव्हती.

मी झाडू तिच्या हातातून घेतला. "ठेव तो. या घरचा झाडू या घरचेच लोक धरते. तुले शेंगा सोलता येतात का?"

"नाई. पण शिकवा."

वालाच्या शेंगांची पाटी मी तिच्यापुढे ठेवली. चटईवर बसवलं, मी समोर बसले. पोर वाईट नव्हती. दाणे कमी आणि टरफलं जास्त असं तिचं चाललं होतं, पण तोंड चालू होतं. तहान लागली म्हणाली. मी रिनाला हाक मारली. रिनानं आमच्या माठातलं पाणी आमच्या गिलासात आणून दिलं. मी डोळा न हलवता पाहत होते. धनश्री ते घटाघटा प्यायली आणि गिलास पुढे करून म्हणाली, "अजून दे."

शकुबाईचा चेहरा पडला. तिला वाटलं होतं काहीतरी तमाशा होईल.

"तुझी आजी काय करते?" मी विचारलं. ती बाई माझ्याच वयाची. पन्नास वर्षं आम्ही एका गावात राहतो आणि समोरासमोर दहा वाक्यं बोललो नसू.

"ओरडत राह्यते," धनश्री हसली. "तिची बाज पार ढिली झाली ना. झोळी झाली नुसती. कंबर दुखते. बाबा म्हणे गादीचा पलंग घे, तर ती म्हणे मले बाजच पाहिजे. पण ताणून देणारा देवाजी आता थकला, दुसऱ्या कोणाले येत नाई."

मी शेंग सोलता सोलता थांबले. दाराआड रिनाही थांबली असावी, कारण तिच्या बांगड्यांचा आवाज बंद झाला.

बाज ताणणं आमच्या घरात माझ्या नवऱ्याला येत होतं. तो गेल्यावर मी शिकले, आणि रिनाला मी शिकवलं. पायथ्याच्या दोऱ्या सोडायच्या, एकेक ओढत, पाय लावून ताणत न्यायच्या, शेवटी अशी गाठ मारायची की रात्रभर माणूस कुशीवर वळला तरी ती सुटायला नको. त्यात आता रिनाला शाळेच्या गाठी येत होत्या.

धनश्रीच्या कार्डावर मी सही केली. 'कांता' एवढं मला लिहिता येतं, आणि ते मी मोठं लिहिते. ती गेल्यावर रिना बाहेर आली. आठवड्यात पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"आजी, मी बाज ताणीन म्हणू का?"

"म्हण. पण तीन गोष्टी. समोरच्या दारानं जाचं. मागून ये म्हणलं तर वापस ये, शिबिर गेलं चुलीत. झाडू हातात दिला तर घ्याचा नाई. अन् काम ओसरीवर बसून कराचं, गोठ्यात नाई."

"अन् बाज गोठ्यात ठेवली असली तर?"

"तर म्हणजो, ओसरीवर आणा."

"मी आणू का ते आणतील?"

"ते आणतील. बाज त्यांची आहे."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती निघाली. सोबत कोणी जाऊ नये, पोरीनं स्वतः काम मागावं, असा मॅडमचा नियम. मी नियम पाळला. मी तिच्यासोबत गेले नाही. मी तिच्या मागे गेले. मोठ्या घरासमोर रस्त्याच्या पलीकडे कडुनिंब आहे आणि रस्ता ग्रामपंचायतीचा आहे.

रिना ग्रीलपाशी उभी राहिली. सलाम केला. मोठी बाई, म्हणजे धनश्रीची आजी, ओसरीवर खुर्चीत बसली होती. ती हळू काय बोलली ते मला इतक्या दुरून ऐकू आलं नाही, पण तिचा हात दिसला. हात घराच्या बाजूनं मागे जाणाऱ्या बोळीकडे गेला. मागे ये.

माझे पाय रस्त्यावर उतरले.

रिना हलली नाही. दोन्ही हात मागे बांधून, पाय थोडे पसरून, शाळेत विश्राम म्हटल्यावर उभे राहतात तशी उभी राहिली. आता तिचा आवाज मोठा होता, मुद्दामच मोठा होता, मला वाटतं माझ्यासाठी.

"आजी, मी समोरूनच येईन. खऱ्या कमाईचं काम समोरच्या दारात मागाचं असते."

"अवो, बाज मागं आहे ना पोरी! ट्रॅक्टरपाशी! म्हणून मागं म्हणते," मोठी बाई तेवढ्याच मोठ्यानं म्हणाली.

आता ते खरंच बाजेसाठी होतं की तिच्या हाताला ती जुनी सवय होती, मला आजही माहीत नाही. कदाचित तिलाही नसेल.

"मंग ओसरीवर आणा. उजेड चांगला आहे इथी."

मी रस्त्याच्या मधे, एक मोटारसायकल मला वळसा घालून गेली. मग मोठ्या बाईनं आत तोंड करून हाक मारली, "धनश्री! बापाले म्हण बाज समोर आणून दे!"

ग्रील उघडली. रिना आत गेली, चप्पल पायरीशी काढून. मोठ्या घरचा मुलगा, धनश्रीचा बाप, बाज डोक्यावर घेऊन बोळीतून समोर आला आणि ती त्यानं ओसरीवर उतरवून ठेवली. त्याला काही ठाऊक नव्हतं. तो फोनवर बोलतच होता. मी परत कडुनिंबाखाली गेले.

रिनानं बाज उलटी केली, पायथ्याच्या दोऱ्या सोडल्या. धनश्री धरायला बसली. रिना पाय लावून ओढायची आणि धनश्रीला म्हणायची, "धर, सोडू नको, सोडली तर पुन्हा पहिल्यापासून!" मोठी बाई खुर्ची जवळ ओढून वाकून पाहत होती आणि प्रत्येक दोरीला बोट लावून चूक काढत होती. इथं ढिली आहे. तिथं पीळ पडला. रिना एकदा म्हणाली, "आजी, तुम्हीच ओढता का मंग?" मी कडुनिंबाखाली कपाळावर हात मारला. जीभ माझीच गेली होती.

शेवटची गाठ मारून रिनानं बाज सरळ केली. आणि बाज ताणून झाली की काय करतात? बसून पाहतात. ताणणाऱ्यानंच बसायचं असतं, सगळं वजन टाकून, नाहीतर कळत नाही. मी शिकवलेलं होतं. पोर फिरली आणि बसली. मोठ्या घरच्या ओसरीवर, मोठ्या बाईच्या समोर, तिच्याच बाजेवर, मधोमध. दोनदा उड्या मारल्या. पाय जमिनीला लागत नव्हते.

झिंगूबाई त्या घरासमोरून जाताना चप्पल हातात घेऊन जायची. तिथल्या माणसासमोर बाजेवर बसणं तर तिच्या स्वप्नातही आलं नसेल. मी मोठ्या बाईच्या तोंडाकडे पाहत होते. तोंड उघडलं. मिटलं. मग तिनं काठी उचलून पायथ्याशी टोचली आणि म्हणाली, "त्या बाजूनं बस जरा. तिकडं मले ढिलं वाटते."

रिना त्या बाजूला सरकली. तिथं खरंच ढिलं होतं. उतरली, गाठ सोडली, पुन्हा ओढली, पुन्हा बसली.

धनश्रीनं आतून पाणी आणलं. रिना बाजेवर बसूनच प्यायली. कार्डावर मोठ्या बाईनं सही केली, वेळ लावून केली. रिनानं चप्पल घातली, सलाम ठोकला आणि बाहेर आली. मी झाडाआड सरकायला गेले, पण मी काही सडपातळ बाई नाही.

"आजी, तू कडुनिंबामागं काऊन उभी होती? सगळ्यांले दिसून राह्यली होती. मोठी आजी म्हणे, तुझ्या आजीले सांग, ऊन लागल."

"मी सावलीत होती."

आम्ही चालू लागलो. पत्रूच्या टपरीपर्यंत मी धीर धरला. मग विचारलं, "पाणी कोणत्या गिलासात दिलं?"

"स्टीलच्या."

"ते नाई. कोणता? त्यांच्या रोजच्या फळीवरचा, का वेगळा ठेवलेला?"

रिना थांबली. आठवून पाहिलं तिनं, अगदी खरोखर आठवलं, माझ्यासाठी.

"आजी, गिलास होता. थंडं पाणी होतं. मले तहान लागली होती."

मी पुढे विचारलं नाही. ज्याचा मला सत्तर वर्षं हिशोब ठेवावा लागला, ते तिनं पाहिलंच नव्हतं, आणि तिनं ते पाहायला शिकावं असं मला त्या घडीला वाटलं नाही. माझं मी पाहून घेईन. मला दुरून फळी दिसली नाही एवढंच.

रिना शिबिराला गेली. तिथून आली तेव्हा आवाज बसलेला, गुडघे फुटलेले, आणि दोन दिवस झोपली.

हे सगळं ऐकून शकुबाईनं दुसरा चहा मागितला. "मंग टाकू म्हणते ना तू?"

"टाक. पण देवरावनं विचारलं ते विचार, दिव्यानं विचारलं ते विचार. अन् मीनं विचारलं नाई तेही विचार, का पोरगी कोणाच्या दारात उभी राहील, कोणत्या कामाले, अन् त्या दाराशी आपलं काय आहे. ते आधी घरी बसून बोला. मॅडमले सांगा, ती ऐकते. पोरीले दारात उभं करून मंग भांडाले जाऊ नका माझ्यासारखं. अन् एखादं काम तिच्या हाताले शिकवून ठेव, जे तिले मागता येईल."

"आमचीले काय येते? खाणं येते."

"मंग तिले माझ्याकडे पाठव. बाज ताणणं शिकवते."

शकुबाई उठली, लुगडं झटकलं. फाटकापर्यंत गेली आणि वळली. "अन् साखर देते का थोडीशी?"

ती तिनं उभ्यानंच मागितली.